महेश्वर आणि मांडू एकाच दिवसात उरकू नका

इंदूरहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलींचा कार्यक्रम साधारण असा असतो: सकाळी साडेसातला प्रस्थान, आधी मांडू, मग नर्मदेकाठचं, अहिल्याबाई होळकरांच्या राजधानीचं महेश्वर, तिथे 'नौकाविहार', साडीखरेदी आणि रात्री नऊला परत. वाचायला भरगच्च वाटतं. पण जरा हिशेब करा. इंदूर ते मांडू शंभरेक किलोमीटर, मांडूहून महेश्वर चाळीसच्या आसपास आणि तेही विंध्याचा उतार उतरून, परतीचे पुन्हा नव्वद-पंचाण्णव. पाच-सहा तास गाडीतच जातात. बस महेश्वरला टेकते तेव्हा तीन-चार वाजलेले असतात. माणसं दमलेली, घाटावर गर्दी. मग वीस मिनिटं नावेतून एक चक्कर, चार फोटो, आणि गाइड सांगतो कुठल्या पायरीवर कुठल्या सिनेमाचं गाणं झालं. झालं महेश्वर!

मांडू वाईट आहे असं नाही. मांडूला स्वतःचा एक अख्खा दिवस लागतो, म्हणून ते इथून काढा. आणि नावेची जी फेरी कार्यक्रमाच्या शेपटाला असते ती पहिली आणा. महेश्वरचा गड, छत्र्या (गेलेल्यांची दगडी स्मारकं), घाट हे सगळं नदीकडे तोंड करून बांधलंय. गावाच्या बाजूने, वाहनतळापासून गल्लीतून आत शिरलात की तुम्ही मागच्या दाराने येता. समोरून पाहायचं तर पाण्यातूनच पाहावं लागतं, आणि एकदा समोरून पाहिलं की वर चढल्यावर काय कुठे आहे ते कोणी सांगावं लागत नाही.

इंदूरहून पहाटे साडेपाचला निघा. आग्रा-मुंबई रस्त्याने धामणोदवरून जाता येतं, रस्ता मोठा आहे, पण त्यावर ट्रकांची रांग असते. दुसरा रस्ता महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर असा. तो अरुंद आणि वळणांचा आहे, पण कार किंवा टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर हाच घ्या. मोठ्या बसने मात्र नको. जाम दरवाजा विंध्याच्या अगदी काठावर उभा आहे, १७९१ मधला, अहिल्याबाईंच्या काळातला. माळव्याचं पठार इथे संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. तिथे पंधरा मिनिटं पुरतात. पावसाळ्यात धुक्यामुळे दहा फुटांवरचं दिसत नाही, त्या दिवसांत हा रस्ता सोडा. वाटेतल्या महूला भीमजन्मभूमी आहे. तिथे अंधारात गाडीतून नुसते हात जोडून पुढे जाण्यापेक्षा इंदूरच्या मुक्कामात वेगळा वेळ काढून जा.

आठच्या सुमारास अहिल्या घाटावर पोचता. सकाळचीच वेळ का, तर वारा. नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की तो प्रवाहाच्या बरोबर उलट येतो. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. नाव हेलकावे खात नाही, आपटते. म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला ते चांगलंच जाणवतं. सकाळी पाणी काचेसारखं असतं. शिवाय गड उत्तर काठावर आहे, त्याचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सकाळचं ऊन आग्नेयेकडून तिरकं येतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी बारानंतर तोच दगड सपाट दिसतो.

नाव ठरवताना भाव करण्याआधी चार गोष्टी विचारा. दर माणशी आहे की अख्ख्या नावेचा? किती वेळाचा? नदीतल्या बाणेश्वराच्या देवळाला थांबलो तर तो वेळ त्यातच धरणार का? आणि नाव भरेपर्यंत थांबवणार का? बहुतेक भांडणं या शेवटच्या प्रश्नावरून होतात. आठ-दहा जण असाल तर अख्खी नाव दीड तासासाठी घ्या. वीस मिनिटांच्या फेरीत घाटापासून लांब जाऊन परत यायलाच वेळ संपतो.

बसण्याआधी नावेत डोकावून बघा. इंजिन असलं तरी वल्हं किंवा लांब बांबू आणि दोर आहे का? हे नसेल तर ती नाव सोडा. कारण साधं आहे. घाटालगतच्या पाण्यात हार, चुनरीचे तुकडे, नायलॉनची दोरी तरंगत असते. ती पंख्यात गुंडाळली की इंजिन गुदमरून बंद पडतं. मग नावाड्याला मागे वाकून हाताने ती सोडवावी लागते आणि तोवर नाव प्रवाहाबरोबर खाली सरकत राहते. खाली काही किलोमीटरवर सहस्रधारा आहे. तिथे काळ्या खडकांतून नदी असंख्य फाट्यांत फुटते. २०२३ च्या खेलो इंडिया स्पर्धांत कनू स्लालमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यातून छोटी होडी काढायच्या, शर्यती महेश्वरला झाल्या, त्या अशाच उसळत्या पाण्यामुळे. शर्यतीच्या बोटीला ते पाणी ठीक, आपल्याला नाही. सहस्रधारा बघायचीच तर रस्त्याने जलकोटीला जाऊन काठावरून बघा. नावाडी 'तिथवर नेतो' म्हणाला तरी नको म्हणा.

म्हणूनच नाव आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाला न्यायला सांगा. इंजिन बंद पडलं तर पाणी आपोआप घाटाकडे आणतं. आधी खाली गेलात आणि तिथे बंद पडलं, तर वल्हं मारत प्रवाहाविरुद्ध यायचं. नावाडी हे जाणतात, पण प्रवाशांनीच 'आधी तिकडे चला' म्हणून बोट दाखवलं तर नाही म्हणत नाहीत.

लाइफ जॅकेट देतात. ते घालायचं असतं, गादी म्हणून खाली घ्यायचं नसतं. वर्षभर लोक त्यावर बसले की आतला फोम दबून चपटा होतो आणि मग ते तरंगवत नाही. हाताने दाबून बघा, फुगून परत येतं का. मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात मूल खाली घसरतं आणि जॅकेट वर राहतं. खांद्याला धरून जॅकेट वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे.

पायऱ्यांकडेही लक्ष द्या. पाण्यालगत दोन-तीन पायऱ्यांचा हिरवट, ओला पट्टा दिसतो. वर ओंकारेश्वर धरण आहे. तिथे वीजनिर्मिती सुरू झाली की पाणी चढतं, थांबली की उतरतं, आणि या चढउतारात जेवढ्या पायऱ्या भिजतात तेवढ्यांवर शेवाळ धरतं. पाय मोडतात ते नावेत नाही, इथे. रबरी तळव्याची चप्पल घाला, नाव दोराने बांधल्याशिवाय पाय टाकू नका. पाणी सोडण्याचा भोंगा वाजला तर पाण्यातून बाहेर या, फोटो राहू द्या. ७ एप्रिल २००५ ला वरच्या अंगाला धाराजी इथे भूतडी अमावास्येच्या जत्रेत लोक नदीत उतरलेले असताना इंदिरासागर धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि साठच्या वर माणसं गेली. नर्मदेचं पाणी उन्हाळ्यातही ढगांशिवाय वाढतं, हे मैदानी नदीची सवय असलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही.

आता नावेतून बघायचं काय. नाव मध्यावर आली की इंजिन दहा मिनिटं बंद करायला लावा आणि गाइडला तेव्हाच बोलू द्या. डिझेल इंजिन चालू असताना तो ओरडून सांगतो, मागच्या बाकावर काहीच पोचत नाही. शांत झालं की खालून वर वाचत जा. पाण्यालगत घाटांच्या पायऱ्या, त्यांवर मोकळ्यात बसवलेली शिवलिंगं, मधूनमधून सतींच्या छोट्या छत्र्या. त्यावर रुंद जिना आणि दरवाजा. त्याच्या मागे होळकरांनी उभारलेलं अहिल्येश्वराचं शिखर. सगळ्यात वर तट आणि झरोके. घाटांची नावं विचारा: अहिल्या घाट, पेशवा घाट, फणसे घाट. फणसे म्हटल्यावर आपले कान टवकारायला हवेत. अहिल्याबाईंचे जावई यशवंतराव फणसे. १७९१ मध्ये ते गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. ज्या वर्षी जाम दरवाजा उभा राहिला, तेच हे वर्ष.

बाणेश्वर पात्राच्या मध्यावर खडकावर आहे. देऊळ छोटं. ध्रुवताऱ्यापासून पृथ्वीच्या मध्याकडे जाणारी रेषा इथून जाते अशी समजूत गाइड हमखास सांगतो, ऐकून घ्या. इथली खरी गडबड वेगळी: नाव खडकाला लागते आणि सगळे एकदम उठून त्याच बाजूला येतात. नाव कलते, पाणी आत येतं. एकेकाने उतरा, उरलेल्यांनी बसून राहा. परिक्रमेचा संकल्प केलेला कोणी सोबत असेल तर त्याला नावेत ओढू नका. परिक्रमावासी नर्मदेची धार ओलांडत नाही. नाव घेतो ती थेट समुद्राच्या मुखापाशी.

समोरच्या दक्षिण काठाला नावडातोडी. नावडा म्हणजे नावाडी, त्यांची वस्ती. बहुतेक गाइड या काठाकडे बोटही करत नाहीत, आणि मराठी माणसाला तर हा काठ कोणी दाखवायलाच हवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते ५९ मध्ये इथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली, कुडाच्या गोल झोपड्या, तांबड्यावर काळ्या नक्षीची भांडी, गहू, मसूर, जवस. म्हणजे समोर अडीचशे वर्षांपूर्वीचं होळकरांचं महेश्वर आणि पाठीमागे साडेतीन हजार वर्षांहून जुनं गाव. तिथे उतरून बघण्यासारखं काही बांधलेलं नाही, मातीची टेकाडं आणि घरं. पण गडाचा अख्खा देखावा इथूनच मिळतो. सगळ्यांना हवा असलेला, अख्खा गड एका चौकटीत घेणारा फोटो तो हाच.

साडेनऊला घाटावर उतरा आणि पायऱ्या चढून जा. गडावर सकाळी काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगं पाटावर मांडून पूजा होते, लिंगार्चन म्हणतात. नंतर ती नर्मदेत सोडतात. ते पाहायचंच असेल तर आदल्या दिवशी गाइडकडून वेळ काढून घ्या आणि आधी गड, मग नाव असा क्रम करा. वाड्यात राजवाड्याच्या अपेक्षेने जाऊ नका. लाकडी खांब, ओसरी, गादी. माळव्यात राज्य करणाऱ्या, काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं-घाट बांधणाऱ्या बाईचं राहतं घर एवढंच, आणि म्हणूनच ते नीट बघावं. गड अहिल्याबाईंनी बांधला असं काही गाइड ठोकून देतात. तट त्यांच्या आधीचा आहे. १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ ला जाईपर्यंत त्यांनी इथून कारभार केला. महेश्वर म्हणजेच माहिष्मती हेही ते ठामपणे सांगतील. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही, काही जण ओंकार-मांधाताकडे, म्हणजे ओंकारेश्वराकडे, बोट दाखवतात. राजराजेश्वराच्या देवळात तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवतात, तिथे जरा बसा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो विठोजीच्या छत्रीला. अहिल्येश्वराच्या समोरच आहे. गाइड अर्धं मिनिट देतात. यशवंतराव होळकरांचा हा भाऊ. दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये पुण्यात त्याला हत्तीच्या पायी दिलं. छत्रीच्या जोत्याला हत्ती कोरलेत. वाकून बघा. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ ला, यशवंतरावांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या कुशीत शिरला. शाळेत हे सगळं पुण्याकडून शिकवतात. होळकरांकडून ते कसं दिसतं याची जागा ही.

जेवण साधं घ्या. अंबाडीला इथे अमाडी म्हणतात, भाजी आणि ज्वारीची भाकरी मिळाली तर सोडू नका. दारू मिळणार नाही, १ एप्रिल २०२५ पासून गावात बंदी आहे.

साडी जेवणानंतर. गाइडने 'माझ्या ओळखीचं दुकान' म्हटलं की त्याचं कमिशन बिलात आहे असं समजा. आधी गडाजवळच्या रेहवा सोसायटीचे माग बघा, मग दुकानात शिरा. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा ती नीमरेशमी, दोन्ही रेशमाचे ती गर्भरेशमी. काठ उलटा करून बघा. अस्सल काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्याला बुगडी म्हणतात. उलट्या बाजूला कापलेल्या धाग्यांची पिसं दिसली तर ती साडी ठेवून द्या. जुन्या पद्धतीच्या पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. काठावरची वीट, चटई, लहर ही नक्षी तुम्ही सकाळी तटावर आणि पाण्यात पाहिलेली असते. दुकानदार ती काठ उलगडून दाखवतो, तेव्हा सकाळी नावेत बसलेल्यांनाच ती लगेच ओळखू येते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा. मे महिन्यात घाटाचा दगड इतका तापतो की देवळात अनवाणी शिरताना पाय भाजतात, सोबत जाड मोजे ठेवा. पावसाळ्यात पाणी चढलं की नावा बंद असतात. 'जास्त देतो, एकच फेरी' म्हणत नावाड्याच्या मागे लागू नका.