चालायला लावून हा थकवा जात नाही

‘थकवा हा आजार नव्हे, ते आळसाचे सभ्य नाव आहे’ असा संदेश सध्या आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे आजार नाही, आपल्या आज्या उन्हातान्हात राबल्या, त्यांना थकवा आला नाही, रोज थोडे थोडे चालणे वाढवले की २१ दिवसांत माणूस ठणठणीत होतो, आणि उरलेसुरले काम खजूर-दूध करते. आमच्या एका चुलत दिरांनी तो घरच्या गटात माझ्या धाकट्या जावेचे नाव घालून टाकला, म्हणून उत्तर देणे भाग आहे. कोरोनानंतर तिचा थकवा हटलेला नाही आणि डॉक्टरांनी ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार, असे निदान केलेले आहे.

चालणे वाढवण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून आधी त्याविषयी. हा सल्ला व्हॉट्सॲपवाल्यांनी शोधलेला नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ साली टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस केली होती. त्याच संस्थेने सगळा पुरावा पुन्हा तपासून ऑक्टोबर २०२१ मध्ये ती मागे घेतली आणि ठरावीक मापाने श्रम वाढवत नेणारा कोणताही कार्यक्रम या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट लिहिले. कारण या आजाराची मुख्य खूणच अशी की श्रमानंतर प्रकृती श्रमाच्या मानाने कितीतरी जास्त ढासळते, बहुधा लगेच नव्हे तर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी, आणि सावरायला कधी आठवडे लागतात. श्रावणात कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या सणाला, रविवारी, माझी ही जाऊ आमच्या बरोबरीने पुरणपोळ्या लाटायला बसली, सोमवारी विसर्जनालाही आली. बुधवारी वेणी घालण्यासाठी तिचे हात खांद्यावर जाईनात आणि उजेड सहन होईना म्हणून खिडकीला चादर लावावी लागली. त्यावर शेजारून शेरा आला, ‘काहीच नही व्हयेल तिले, नाटक करस.’ रविवारी उभी होती म्हणून बुधवारचे आजारपण खोटे, असा हा हिशेब आहे. ज्या गोष्टीवरून डॉक्टर हा आजार ओळखतात, तीच गोष्ट लोक ढोंगाचा पुरावा म्हणून तिच्यापुढे ठेवतात.

आता नॉर्मल रिपोर्टांविषयी. या आजाराची खात्री करून देणारी रक्ततपासणी अद्याप उपलब्ध नाही. इतर कारणे वगळून आणि लक्षणे पाहूनच निदान होते. तपासणीत सापडले नाही म्हणून रोग्यालाच खोटे ठरवण्याची सवय शिकलेल्यांनाही आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ साली डॉक्टर-परिचारिकांसह २०० हून अधिक कर्मचारी अशा दुखण्याने आजारी पडले, आणि १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या रुग्णांपैकी कोणालाही न तपासता, केवळ जुन्या नोंदी वाचून, तो सामूहिक उन्माद ठरवला; आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या, हाही त्यांचा एक आधार होता.

आज्यांचे म्हणाल, तर ज्या निंदणी-वेचणीला गेल्या त्यांच्याच कथा आपण सांगतो. ज्यांनी खाट धरली त्यांना ‘बाहेरचे लागले’ म्हणून मांत्रिकाकडे नेले, त्या कथेत येत नाहीत.

खजूर-दुधाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे, तेव्हा थकणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ आधी पाहिलेच पाहिजे. जावेचे हे सगळे पाहून झाले आहे, आणि रक्तक्षय असलाच तरी त्यावर बहुधा लोहाच्या गोळ्या लागतात, दोन खजुरांनी तो भरत नाही.

भाऊजींनी सोमवारपासून तिला पहाटे फिरायला नेण्याचा जो बेत गटात जाहीर केला आहे, तो रद्द करावा. मदतच करायची असेल तर ओट्यापाशी एक उंच स्टूल आणून द्यावे, म्हणजे तिला बसून फोडणी घालता येईल.