बबल सांभाळा, काका!

आमच्या तालुक्याच्या गावी जमीन मोजणी आणि इंजिनिअरिंगची कामं घेणारी एक फर्म आहे. नाव घेत नाही. नकाशाची सही-शिक्क्याची प्रत अजून त्यांच्याकडून यायची आहे. ही मंडळी गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'घडामोडी आणि प्रकल्प' असं एक रंगीत पत्रक पाठवत असतात. ओढ्यावरच्या बंधाऱ्यासाठी जमिनीच्या चढउताराच्या कंटूर-रेषा काढल्या, अमुक रस्त्याची आखणी केली, खंडेनवमीला टोटल स्टेशन नावाच्या मोजणी-यंत्राला झेंडूचा हार घातला, नव्या ड्रोनपुढे नारळ फोडला, असला सगळा मजकूर. मी ते न उघडताच पुसत आलो. परवाचं मात्र बायकोनं उघडलं.

आतल्या पानावर माझा फोटो. डोक्याला टॉवेल, हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पोल, उन्हानं तोंड वाकडं झालेलं. खाली ठळक अक्षरांत ओळ : 'पुरंदर तालुक्यातील प्रकल्पावर कार्यरत आमचे अनुभवी हेल्पर.'

प्रकल्प म्हणजे माझी वडिलोपार्जित साडेसतरा गुंठे जमीन. हेल्पर म्हणजे मी. अ‍ॅडव्हान्स भरलेला माणूसही मीच.

बायको म्हणाली, "फोटो बरा आलाय की." तिनं तो घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या मेव्हण्यानं लगेच विचारलं, "रोजंदारीवर आहात की महिन्यावर?" त्याला सत्तावीस अंगठे आले. माझ्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंनाही एवढे आले नव्हते.

झालं होतं ते थोडक्यात असं. सीताफळाची दहा-बारा झाडं, शेजारी चुलतभावाचं रान, मधे बांध. मला तारेचं कुंपण घालायचं होतं. चुलतभाऊ म्हणाला, "घाल की दादा, पण आधी मोजून घे." हे वाक्य भाऊबंदकीत ज्या गोड आवाजात बोलतात, त्याच आवाजात बोलला. सरकारी मोजणीला वेळ लागतो, आधी खासगी करून अंदाज घ्या, असा सल्ला फर्मनंच दिला. तेवढा एक फुकट होता.

ठरल्या दिवशी जीपमधून पंचविशीच्या आतला एक सर्व्हेअर उतरला. आधी त्यानं रोव्हर काढला. काठीच्या टोकाला पांढरी डबी. ती उपग्रहांचं ऐकते, सर्व्हे ऑफ इंडियाच्या, कायम एका जागी बसवलेल्या कॉर्स स्टेशनांकडून मोबाईलच्या नेटवरून दुरुस्ती मागवते आणि उभ्या जागेचा ठाव दोन-तीन सेंटीमीटरच्या फरकानं सांगते. अट एकच, मोबाईलला रेंज हवी. आमच्या शिवारात रेंज येते ती फक्त विहिरीच्या कठड्यावर, आणि विहिरीबद्दल कुणाचाच वाद नव्हता. पोरगा काठी घेऊन रानभर "फ्लोट... फ्लोट..." पुटपुटत हिंडला. फ्लोट म्हणजे ठाव अजून डळमळीत, फिक्स म्हणजे पक्का. तो 'फिक्स' काही येईना. शेवटी त्यानं टोटल स्टेशन काढलं, तिपाईवर चढवलं आणि मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "काका, आपला हेल्पर आज मेव्हण्याच्या हळदीला गेलाय. जरा पोल धरता का? पाच मिनटांचं काम आहे."

'आपला' हेल्पर. इथंच सावध व्हायला हवं होतं म्हणतील कुणी. पण वैशाखातल्या अकरा वाजता, जीपचं भाडं चालू असताना, कोण नाही म्हणेल?

ज्यांनी पोल धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलच्या वरच्या टोकाला प्रिझम असतो, खालचं अणकुचीदार टोक हद्दीच्या खुणेवर टेकवायचं. मधे छातीच्या उंचीवर एक गोल काचेची डबी, आत पिवळट पाणी आणि त्यात एक बुडबुडा. हा बुडबुडा मधल्या काळ्या वर्तुळात राहिला पाहिजे. श्वास घेतला की तो डावीकडे जातो, सोडला की उजवीकडे. घाम डोळ्यात गेला की दिसेनासा होतो. आणि ऐंशी मीटरवरून, छत्रीखालून, आरोळी येते : "काका, बबल!"

मी बबलमध्ये डोळे रोवून उभा असताना मागून आवाज आला.

"काय मोजतोय रं?"

कडुनिंबाच्या सावलीत एक आबा बसले होते. कधी आले, कुठून आले, कळलं नाही. टोपी गुडघ्यावर काढून ठेवलेली, हातात चंची. नेमकं वय त्यांनाही ठाऊक नसावं; बहात्तरच्या दुष्काळात थोरली पोरगी नांदायला गेली होती, एवढा हिशेब त्यांनी नंतर दिला.

"रान मोजतोय आबा."

"काठीनं?"

"काठी नाही, वर आरसा आहे. तिकडच्या मशिनमधून किरण येतो, आरशावर आपटून परत जातो. त्यावरून अंतर कळतं."

"मंग आरसाच धरायचा. काठी कशाला?"

याला उत्तर होतं, पण दिलं असतं तर बबल हलला असता.

"तुज्या आज्ज्याच्या टायमाला साखळीनं मोजलं व्हतं," आबांनी तंबाखू मळायला घेतली. "तेहतीस फुटाची साखळी, सोळा आन्याची. एक साखळी हिकडं, एक साखळी तिकडं, झाला गुंठा. कुनाचं भांडान न्हाई."

"कधीच भांडण नाही?"

"दोन डोकी फुटली व्हती. पन ती मापावरनं न्हाई."

"मग कशावरनं?"

"बांधावरनं."

तेवढ्यात सर्व्हेअरनं लांबून सातबाऱ्यावरचं क्षेत्र मोठ्यानं वाचून दाखवलं : शून्य हेक्टर, सतरा पॉइंट सत्तर आर. झालं. आबा ताठ बसले.

"साडेसतरा गुंठे व्हते ना तुमचे?"

"होय."

"मंग हे सतरा सत्तर कुठनं आलं? वरचे वीस कुनाचे?"

मी, मान न हलवता, त्यांना सांगितलं, की गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट आणि आर म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठा आरपेक्षा किंचित मोठा, म्हणून साडेसतराचे सतरा पॉइंट सत्तर होतात. जमीन तेवढीच आहे.

आबांनी हे शांतपणे ऐकलं, तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि निकाल दिला.

"तुजा आज्जा बांध कोरायचा. त्येच वाढल्यालं हाय हे."

"अहो आबा, हे सगळ्या महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर असंच झालंय!"

"मंग समद्यांचेच आज्जे कोरत व्हते."

चुलतभाऊ बांधापलीकडून मोबाईलवर शूटिंग करत होता. हे वाक्य त्यानं नीट घेतलंय, अशी माझी माहिती आहे.

"काका, बबल! आणि पाय थोडा मागं घ्या, प्रिझमसमोर टॉवेल येतोय."

"टावेल काढ," आबा म्हणाले. "त्यो मशिनवाला सांगतोय तर ऐकावं मान्सानं. आन् डावीकडं झुकलाय तू." आता मला दोन साहेब झाले होते. एकाला पैसे द्यायचे होते, दुसऱ्याला तंबाखू.

उभ्या उभ्या मला लॅम्बटन आठवला. 1802 साली मद्रासहून त्यानं हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचा. 1808 साली तो तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. साहेबानं ते स्वतः खपून पुन्हा दुरुस्त केलं, हे सगळीकडे कौतुकानं लिहिलेलं असतं. दोर ओढणाऱ्यांची नावं मला कुठं वाचायला मिळाली नाहीत. त्यांनाही कुणीतरी वरून ओरडून काहीतरी सांभाळायला सांगत असणारच. त्यांना बबल तरी नव्हता धरायचा, असं वाटून मला त्यांचा जरा हेवाच वाटला.

"आरं, पन ही काठी नाचवायची कशाला?" आबांचं आता वेगळंच सुरू झालं. "आपल्याच तालुक्यात सोनोरीला इमान उडवून मोजलं म्हनं. घरं मोजली, वाडं मोजलं, उकिरडं बी मोजलं. तुमच्याकडं न्हाई व्हय इमान?"

सर्व्हेअर तेवढ्यात पाणी प्यायला जवळ आला होता. "आबा, ते ड्रोनचं काम गावठाणाचं होतं. गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका द्यायला. शेतीच्या हद्दीला ते चालत नाही."

"का? गावठानातल्यांनी काय पुन्य केलंय?"

पोरग्यानं बाटलीचं झाकण लावलं आणि तो परत छत्रीखाली गेला. मी मात्र जाऊ शकत नव्हतो. म्हणून मीच विषय वाढवला. माहितीनं माणूस गप्प होतो असा माझा एक समज आहे. म्हटलं, आबा, पुणे जिल्ह्यात इंग्रजांनी आधी प्रिंगल नावाच्या साहेबाकडून मोजणी करून घेतली होती. कागदावर हिशेब मोठा बारीक, पण आकारणी अशी बसली, की शेतकऱ्यांना ती झेपेना. मग 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून नव्यानं सुरुवात केली. आपल्या सर्व्हे नंबरांची पद्धत तिथली.

आबा बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, पोचलं.

"इंदापूरला माझी मेव्हनी दिल्याली," ते म्हणाले. "लई कोरडं रान."

दुपार कलली तेव्हा शेवटचा बिंदू झाला. हाताला मुंग्या आलेल्या. आबा उठले, टोपी झटकली आणि कुणाचीच रजा न घेता बांधावरून निघून गेले. मी चुलतभावाला विचारलं, आबांचं रान नेमकं कुठलं? तो म्हणाला, "त्यांचं कुठलं रान? रस्त्यात गेलं ते कवाच. कुठं बी मोजणी असली की येतात." म्हणजे ज्या माणसाची शिवारात काडीची हद्द नाही, त्यानं दिवसभर माझी हद्द ठरवली होती. याचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचा राग आला.

चार दिवसांनी ऑफिसात संगणकावर सर्व्हेअरनं आमची मोजणी जुन्या सरकारी गट नकाशावर बसवून दाखवली. एका टोकाला बांध सुमारे चार फूट माझ्या बाजूला आत आलेला. मी चुलतभावाकडे पाहिलं. तो पडद्याजवळ गेला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "बांध नाही सरकला दादा. कागद आक्रसलाय." आणि सर्व्हेअर, माझ्या पैशांवर बसलेला सर्व्हेअर, म्हणाला, "हो, जुन्या नकाशांना तो प्रॉब्लेम असतो."

दोन मिलीमीटरचं यंत्र, पाच तास ऊन, आणि शेवटी कागद आक्रसतो! नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असंही छापलेलं, की सदर नकाशा केवळ माहितीसाठी असून हद्दीच्या वादात ग्राह्य धरू नये. हे आधी का नाही सांगितलं, म्हटलं तर, "काका, ते सगळ्यांना माहीत असतं."

मग बिल आलं. मोजणी शुल्क, यंत्र भाडे, प्रवास, कॅड ड्रॉइंग, जीएसटी. आणि मधेच एका ओळीत, 'हेल्पर चार्जेस'. मी फोन लावला. "हेल्पर मी होतो," म्हटलं. पलीकडची मुलगी फार गोड. शेतात मी काका असतो, फोनवर सर. "सर, तो आपला स्टँडर्ड फॉरमॅट आहे सर. तो काढता येत नाही." तोच फॉरमॅट वापरून माझा पगार तरी पाठवा, असं मी म्हणालो. ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं.

खरं तर नव्हता केला. हल्ली कशाचेही पैसे भरा, अर्धं काम आपल्याच गळ्यात येतं. नळवाला येतो, टॉर्च आपण धरायचा. एसीवाल्याला स्टूल आपण द्यायचं, वर ते आपणच धरून उभं राहायचं. बँकेत पासबुक आपणच मशिनमध्ये सरकवायचं आणि ते तिरकं गेलं म्हणून वॉचमनच्या शिव्या खायच्या. दवाखान्यात स्ट्रेचर नातेवाइकांनी ढकलायचं आणि बिलात 'वॉर्डबॉय' असतोच. कुणाला विचारावं तर समोरचा हसून 'सर' म्हणतो. त्या 'सर'चं काय करायचं, ते मला अजून उमगलेलं नाही. हेल्परचे पैसे मी भरले. जीएसटीसकट.

आता हद्द कायम मोजणीचा रीतसर सरकारी अर्ज केलाय. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी आणि अति-अतितातडी असे चार वेग होते. डिसेंबर 2024 पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच उरलेत. दोन हेक्टरपर्यंत नियमितला 2,000 रुपये, द्रुतगतीला 8,000. मी नियमितचे भरले. ऊन कमी झालेलं बरं. मोजणीच्या वेळी निशाणं, चुना, हद्दीचे दगड आणि मजूर अर्जदारानं आणायचे असतात, ही माहिती अर्ज भरून देणाऱ्यानं चलन फाटल्यावर दिली.

अर्जात चारही दिशांच्या लगतधारकांची नावं लिहावी लागतात, म्हणजे त्यांना नोटीस जाते. ती लिहून झाली त्याच संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सरकारी लावली म्हनं मोजनी. नोटिशीत माझं बी नाव घाल."

"आबा, तुमचं रान नाही ना आमच्या शेजारी. कुठल्या दिशेला घालू?"

"कुठल्या बी घाल. चारी दिशांना मान्सं माझ्याच वळखीची हायती."