रस्ता अर्धा होणार म्हणे! आधी मोजून तरी बघा

परवा आत्याने मला एक मेसेज पुढे ढकलला. खाली तिचा प्रश्न: "अगं, हे खरं आहे का? सही करायला सांगतायत." आत्याने सत्तरी ओलांडली आहे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. नाशिकचा कॉलेज रोड ओलांडायचा असला की ती आधी एखादा तरुण मुलगा शोधते आणि त्याच्या आडोशाने पलीकडे जाते. अशा बाईला रुंद फूटपाथविरुद्ध सही करायला सांगणाऱ्या माणसाची कमाल आहे.

मेसेज थोडक्यात असा (त्यातला स्मार्ट रोड म्हणजे फूटपाथ आणि सायकल ट्रॅकसह नव्याने केलेला अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा रस्ता): "नाशिककरांनो, जागे व्हा! स्मार्ट रोडने वाट लावली, आता तोच प्रकार कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर हवा आहे काही लोकांना. फूटपाथ आणि सायकल ट्रॅकपायी रस्ता अर्धा होणार, रुग्णवाहिका अडकून माणसं मरणार, दुकानं बसणार. पादचारी मोबाइल बघत चालतात, मरतात ते स्वतःच्या चुकीने, त्यांना पूल बांधून द्या. सायकल चालवतंय कोण? आणि कुंभमेळ्याला रस्ते मोकळे नकोत का?"

रस्ता अर्धा होणार, इथून सुरू करू, कारण हे टेप घेऊन तपासता येतं. समजा रस्ता २४ मीटरचा आहे. दोन्ही बाजूंना अडीच मीटरचे फूटपाथ, म्हणजे ५ गेले. दोन्हीकडे दोन-दोन मीटरचे सायकल ट्रॅक, ४ गेले. मधे एक मीटरचा दुभाजक. उरले १४. साडेतीन मीटरची एक लेन धरली तर जायला दोन आणि यायला दोन. आज अशा रस्त्यावर चालत्या गाड्यांना प्रत्यक्षात किती लेन मिळतात? कडेला एक रांग चारचाकींची, तिच्या बाहेर तिरक्या लावलेल्या दुचाकी, त्याच्याही बाहेर "दोन मिनिटांत आलोच" म्हणून इंडिकेटर लावून गेलेला एक महाभाग. एकेका बाजूला उरते एक लेन, फार तर दीड. म्हणजे चालत्या गाड्यांची जागा कमी होतच नाही, उलट वाढते. जाते ती उभ्या गाड्यांची जागा.

मेसेजमध्ये "पार्किंग" हा शब्द एकदाही आलेला नाही. पुन्हा वाचून बघा. एका चारचाकीला उभं राहायला साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या गाळ्याला कॉलेज रोडवर महिन्याला काय भाडं पडतं ते कुठल्याही दुकानदाराला विचारा. ही जागा फुकट मिळते आहे आणि ती जाईल, ही खरी पोटदुखी. तसं सरळ लिहिलं असतं तर निदान वाद घालता आला असता. पण "माझी गाडी दारात राहू द्या" यावर सह्या मिळत नाहीत, म्हणून मग रुग्णवाहिका.

रुग्णवाहिकेचं उत्तर वर आलंच आहे. तिला अडवतो तो डबल पार्किंगवाला आणि चौकाच्या तोंडाशी थांबलेल्या रिक्षा. फूटपाथाने रुग्णवाहिका अडवल्याचं मी तरी अजून बघितलेलं नाही. शिवाय रस्ता मोकळा असला तरी गाड्या किती सुटणार हे सिग्नल ठरवतो. मधला पट्टा कितीही ऐसपैस केला तरी सगळे पुढच्या चौकात जाऊन तुंबतात. आपल्या द्वारका चौकावरून एवढा मोठा उड्डाणपूल गेला, खालची कोंडी सुटली का?

आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते. पादचारी स्वतःच्या चुकीने मरतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती, म्हणजे दिवसाला नव्वदच्या आसपास. आणि कारणं? एकूण मृत्यूंपैकी दहातल्या सातांच्या पुढे एकच कारण लिहिलंय: अतिवेग. कारणांच्या तक्त्यात मोबाइलचाही रकाना आहे, पण तो गाडी चालवणाऱ्याच्या हातातल्या मोबाइलचा. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून येतात, त्यामुळे त्यात त्रुटी असतील हे मान्य. पण "मोबाइल बघत चालतात म्हणून मरतात" याला तेवढाही आधार मेसेजवाल्याने दिलेला नाही.

वेगाचं गणित तर अंगावर काटा आणणारं आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर धडकेत पायी चालणारा दगावण्याची शक्यता साडेचार पट होते. पंधराच किलोमीटरचा फरक, जो रात्री दहानंतर गंगापूर रोडवर कुणाच्या लक्षातही येत नाही. रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. पाटी लावून तो सैल होत नाही. लेन आटोपशीर केली, चौकात वळण घट्ट केलं, झेब्रा पट्टे फूटपाथाच्या उंचीला उचलून घेतले की होतो. रस्त्याची आखणी बदलायची ती यासाठी. सुशोभीकरण, कारंजी, रंगीत दिवे यासाठी नाही (ते आपल्याकडे आधी होतं, हे दुर्दैव).

आणि पूल बांधून द्या म्हणे! शहरातल्या रस्त्यावर पादचारी पुलाखाली साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर जवळजवळ चाळीस पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. कशासाठी, तर पलीकडच्या मेडिकलमधून गुडघेदुखीची गोळी आणायला. तेच जमिनीवर केलं तर? आत्याच्या चालीने १४ मीटर ओलांडायला सतरा-अठरा सेकंद लागतात. दुभाजकात उभं राहण्यापुरती सुरक्षित जागा ठेवली तर एका दमात फक्त सात मीटर, म्हणजे नऊएक सेकंद, तेही एकाच बाजूच्या गाड्यांकडे बघत. पूल गाड्यांच्या सोयीसाठी असतो. गाडीला थांबावं लागू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाने दोन मजल्यांएवढं चढ-उतर करायचं, अशी ती सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट म्हटलंय की विनाअडथळा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. फूटपाथ म्हटलंय, जिना नव्हे.

दुकानं बसणार? मेन रोडला दिवाळीच्या आधी जाऊन या. गाडी शालिमारला किंवा त्याहून लांब टाकून लोक चालत येतात, सराफ बाजारात तर खांद्याला खांदा लागतो. तिथली दुकानं बसलेली मला दिसली नाहीत.

सायकल कोण चालवतं? सकाळी पाळीच्या वेळेला सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला उभे राहा, दिसतील. डबा हँडलला अडकवलेली माणसं रविवारच्या हौशी मंडळींसारखे फोटो टाकत नाहीत, म्हणून ती नसतात असं नाही. बाकी आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हा कौतुकाचे मेसेज याच ग्रुपांवर फिरले असणार.

कुंभाचा मुद्दा वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. पर्वणीच्या दिवशी गाड्या शहराबाहेर अडवतात आणि भाविक रामकुंडापर्यंत चालत जातात. लाखो माणसं, पायी, म्हातारीकोतारी, डोक्यावर गाठोडी. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी विसरलो का आपण? त्यात सापडलेली माणसं पायीच होती, आणि वाट चिंचोळी होती. चालायला जागा नको म्हणायला कुंभाचं कारण द्यायचं, तेही नाशिकमध्ये, म्हणजे कमालच.

दोन गोष्टी मात्र मला मान्य कराव्या लागतील, नाइलाजाने. रुंद फूटपाथावर टपऱ्या आणि हातगाड्या बसतात, खरं आहे. त्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे: विक्रेत्यांना जागा आखून द्या आणि चालायची पट्टी मोकळी ठेवा. फूटपाथच नको, हे त्यावरचं उत्तर नव्हे. आणि स्मार्ट रोड. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका, जेमतेम १.१ किलोमीटर. त्याचं काम इतकं रखडलं की त्या पट्ट्यातल्या दुकानदारांनी आणि कोर्टात येणाऱ्यांनी जे सोसलं त्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो रास्त आहे. एवढं करून सायकल ट्रॅकवर दुचाकी लागतातच. पण यात दोष आखणीचा कमी आणि खोदून ठेवण्याचा, नंतर ढुंकून न बघण्याचा जास्त. तेव्हा सह्याच गोळा करायच्या असतील तर पुढच्या रस्त्याच्या टेंडरआधी हे लेखी मागा: एका वेळी किती मीटर खोदणार, तेवढं पूर्ण झाल्याशिवाय पुढचं खोदणार नाही असं कोण लिहून देणार, आणि ट्रॅकवर लागलेली गाडी उचलायला क्रेन कोणाची येणार.