चीजकेक खाऊन जागे राहण्याची विद्या

पेसाह या आम्हा ज्यूंच्या सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ दिवस मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी शावुओत हा दुसरा सण साजरा करायचा. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तेव्हा नव्या गव्हाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी या दिवशी तेथे अर्पण होत. मंदिर गेल्यावर हा सण मुख्यतः सिनाय पर्वतावर तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, मिळाल्याचा दिवस म्हणून राहिला. येथवर कोणाचीच तक्रार नाही. तक्रार आहे ती रात्रीची.

परंपरा सांगते, की तोरा मिळायच्या त्या सकाळी आमचे पूर्वज गाढ झोपून राहिले आणि प्रेषित मोशेला त्यांना हाका मारून उठवावे लागले. त्या झोपेची भरपाई म्हणून आम्ही या रात्री जागून धर्मग्रंथांचा अभ्यास करतो. सोळाव्या शतकातल्या गूढवाद्यांनी ही रीत रुजवली. त्यांना दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा स्वयंपाक नसावा. पूर्वजांच्या एका डुलकीचे व्याज इतक्या पिढ्या फेडणारा दुसरा समाज निदान माझ्या पाहण्यात नाही.

बरे, जागायचे तर पोट हलके असावे. पण नेमके याच सणाला दुधाचे पदार्थ खायचे! कोणी म्हणते, तोरा मिळताच मांसाचे नियम लागू झाले आणि जुनी भांडी निरुपयोगी ठरली, म्हणून त्या दिवशी दुधावर भागवले. कोणी हिब्रूतल्या ‘दूध’ या शब्दाच्या अक्षरांना ठरलेल्या अंकांची बेरीज ४० करून ती मोशेच्या पर्वतावरच्या ४० दिवसांशी जुळवते. एका पदार्थासाठी इतकी कारणे द्यावी लागतात, तेव्हा खरे कारण चीजकेक आवडतो हेच असावे, असा मला दाट संशय आहे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. दूध आणि मांस एकत्र चालत नाही म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घालून पिढ्यान्‌पिढ्या सुखाने जेवलो. इस्रायलमध्ये अश्दोदला आलो आणि वर्षातून एकदा हे चक्क्याचे डोंगर पुढ्यात आले.

सणात मोबाइल वर्ज्य असल्यामुळे किती वाजले हेही चोरून पाहता येत नाही. अशा अवेळी धर्मग्रंथांतल्या रूथच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय निघतो. त्यात बवाज नावाचा शेतमालक खाऊनपिऊन तृप्त होतो आणि धान्याच्या राशीपाशी जाऊन आडवा होतो. आमचे धर्मगुरू, म्हणजे रब्बी, या वाक्यावर तन्मयतेने बोलत असताना माझे मेहुणे मांडीवरच्या बशीत अर्धा तुकडा तसाच ठेवून बवाजच्या मार्गाने गेले. मी कोपराने ढोसले, तेव्हा डोळे न उघडता ते म्हणाले, “दाजी, शास्त्रात आहे.”

पहाटेच्या प्रार्थनेत दहा आज्ञा वाचल्या जातात आणि त्या ऐकायला आमची सगळी सभा उभी राहते. उभ्या माणसाला झोप लागणार नाही, असा व्यवस्थापकांचा समज आहे. त्यांच्यापैकी एकानेही ठाणे ते बोरीबंदर लोकलने नोकरी केलेली नाही.