परत उडालं डेलिगेशन!

आज परत तेच. मडगाव शाखेचं सबडोमेन, म्हणजे मुख्य डोमेनखालचं तिचं वेगळं नाव, बंद. कारण? पणजीत कुणीतरी झोन फाइल, म्हणजे डोमेनमधल्या नावांची आणि पत्त्यांची यादी, नव्याने जनरेट केली आणि डेलिगेशनच्या एनएस ओळी, म्हणजे 'या सबडोमेनची उत्तरं अमुक नेमसर्व्हर देईल' हे सांगणाऱ्या ओळी, पुसल्या गेल्या. अरे, त्या ओळी तयार फाइलमध्ये हाताने घालून काय उपयोग? टूल दर वेळी अख्खी फाइल नव्याने लिहितं! मूळ कॉन्फिगमध्ये घाला, हे किती वेळा सांगायचं?

आणि घातल्या तरी अर्धवट. नेमसर्व्हरचं नाव त्याच सबडोमेनच्या पोटातलं असेल, तर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे ग्लू, वरच्या (मुख्य डोमेनच्या) झोनमध्ये द्यावाच लागतो. नाहीतर त्याचा पत्ता विचारायला रिझॉल्व्हरने, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरने, त्याच्याकडेच जायचं का? १९८७ च्या आरएफसी १०३४ या इंटरनेट-नावांच्या मानक दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलंय. नावाच्या शेवटचं टिंब विसरलं की पुढे अख्खं डोमेन पुन्हा चिकटतं, आणि आमचं टूल ते मुकाट्याने लिहून मोकळं होतं. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. चूक दिसतच नाही!

सिरियल, म्हणजे फाइलचा आवृत्ती क्रमांक, वाढवत नाहीत, ते वेगळंच. मग फाइलची नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर जुनी फाइल धरून बसतो.

दुरुस्त केलं तरी 'असं नाव नाही' हे उत्तर रिझॉल्व्हरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून राहतं, आणि मडगावहून फोन, "नेट गेलं काय?" नेट नाही गेलं हो! चवथीच्या तोंडावर, कामाच्या गर्दीत, त्या माणसांनी हे का सोसायचं? फाइल चढवल्यावर वरच्या सर्व्हरला डिग या तपासणीच्या कमांडने एकदा विचारा. मिनिटही लागत नाही!