सात दिवसांत रंग परत? एका व्हायरल उपायाची झडती

उन्हाळा लागला की रीफ टँकवाल्यांच्या, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर तोच संदेश पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: कोरल पांढरं पडलं म्हणजे जवळपास मेलंच. वाचवायचं असेल तर लाइट पूर्ण करा, अर्धं पाणी बदला, जमल्यास समुद्राचंच पाणी आणि समुद्रातला दगड टाका, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा, रोज रात्री भरपूर खायला द्या, वरून आयोडीनचे थेंब. सात दिवसांत रंग परत. नाहीच आला तर कोरल ज्यावर वाढलं तो दगड उकळून घ्या आणि पुन्हा वापरा.

यातल्या बहुतेक सल्ल्यांत कुठेतरी खऱ्याचा अंश आहे, म्हणून तर तो पसरतो. पण सगळे एकाच आठवड्यात केले तर तगलं असतं ते कोरलही जातं. आणि शेवटचा सल्ला कोरलच्या नाही, तुमच्या जिवावर बेतणारा आहे.

“पांढरं पडलं म्हणजे मेलं.” नाही. कोरलच्या शरीरात झूझँथेली ही एकपेशीय शैवालं राहतात. प्रकाशातून ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. ताण आला की ही शैवालं बाहेर टाकली जातात. यालाच ब्लीचिंग म्हणतात. मागे उरतं ते पारदर्शक मांस, आणि कठीण कोरल असेल तर त्यातून आतला चुन्याचा सांगाडा दिसतो. प्राणी जिवंत असतो, फक्त उपाशी असतो. लाइट बंद झाल्यावर टॉर्च तिरपा मारून पाहा: पॉलिप (कोरलची फुलासारखी छोटी तोंडं) फुगलेले दिसतात का, सांगाड्यावर मांसाचा पातळ थर आहे का? मेलेल्या भागावर मांस नसतं आणि थोड्याच दिवसांत तिथे हिरवट-तपकिरी शेवाळ धरतं. बुडापासून मांस सोलत वर चाललं असेल तर ते ब्लीचिंग नव्हे, तो वेगळा आजार. तिथे निरोगी टोक कापून वेगळं करणं हाच बहुधा मार्ग.

आपल्याकडच्या टँकमध्ये जास्त दिसतात ते कोरलचे प्रकार म्हणजे मशरूम, झोआ आणि लेदर. मशरूमला सांगाडाच नसतो, ते नुसतं फिकट पडत जातं. लेदर अधूनमधून आठवडाभर मिटून बसतं, त्यावर मेणचट साय धरते, मग ती सुटते आणि खालून ताजं कोरल निघतं. हा आजारच नाही. पण संदेश वाचलेला माणूस नेमका त्याच आठवड्यात उपचार सुरू करतो, आणि साय आपोआप सुटली की उपायाचा गुण आला म्हणून संदेश पुढे ढकलतो.

“लाइट पूर्ण करा.” तर्क सरळ वाटतो: शैवालाला प्रकाश लागतो, म्हणजे जास्त प्रकाशात शैवाल लवकर परतेल. प्रत्यक्षात ब्लीचिंगची सुरुवातच बऱ्याचदा इथून होते. पाणी तापलं की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, येणारा प्रकाश तिला वापरता येत नाही आणि त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. या अवस्थेत लाइट वाढवणं म्हणजे आगीत तेल. शिवाय शैवाल गेल्यावर आतला पांढरा सांगाडा प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे उरल्यासुरल्या शैवालावर मारा आणखी वाढतो.

ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली. काही प्रवाळं ब्लीच होताना पांढरी न पडता झगझगीत गुलाबी, जांभळी, पिवळी होतात. हे रंग म्हणजे प्रवाळाने स्वतःवर धरलेली छत्री. ती आतला प्रकाश कमी करते आणि शैवालाला परतायला सावली देते. प्राणी स्वतः सावली शोधतोय आणि आपण एलईडीचा स्लायडर शंभरवर नेतोय! तीव्रता तिसऱ्या हिश्श्याने उतरवा, किंवा कोरल एकदाच खाली, कडेला हलवा आणि तिथेच राहू द्या. मग रंग धरायला लागल्यावर दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. रोज नवी जागा देणं हाही त्रासच.

या एवढ्या लांबलचक संदेशात तापमान हा शब्दच नाही. निसर्गात नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी केवळ 1 अंश सेल्सिअस जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळं ब्लीच होऊ लागतात. 2024 मध्ये लक्षद्वीपला हेच घडलं. मुंबईतल्या मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेला छोटा टँकही सहज 30 च्या पुढे जातो. म्हणून बाटलीतल्या औषधाआधी थर्मामीटर, तोही दुपारी चारला, सकाळी नव्हे. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोनेक अंश उतरू शकतं. पुण्याच्या कोरड्या हवेत जास्त, मुंबईच्या दमटपणात कमी. उडालेल्या पाण्याची भर मात्र नुसत्या आरओ पाण्याने करायची, खाऱ्या नव्हे, नाहीतर क्षारता चढत जाते. त्यानेही भागलं नाही तर चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. पाणी खाली आणतानाही बर्फाच्या पिशव्या टाकून तासाभरात पाच अंश उतरवू नका.

“अर्धं पाणी बदला.” हिशेब करून पाहा. टँकची अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डीकेएच हे त्याचं एकक) 7.5 डीकेएच आहे आणि तुमच्या सॉल्टमिक्सची, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायच्या मिठाची, 11.5. अर्धं पाणी बदललंत की अर्ध्या तासात टँक 9.5 वर. एरवी आपण दिवसाला 1 पेक्षा जास्त फरक पडू देत नाही, आणि इथे अशक्त कोरलला एका फटक्यात दुप्पट. दहा-पंधरा टक्के, तेही तापमान आणि क्षारता जुळवून, चार-पाच दिवसांच्या अंतराने बदलणं पुरतं. अपवाद एकच: पाण्यात विष गेलंय अशी खात्री असेल, म्हणजे तांब्याचं औषध, झुरळांचा स्प्रे वगैरे, तर मोठा बदल आणि विष शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन, ताबडतोब.

समुद्राच्या पाण्याचं म्हणाल तर मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते. मालवणहून दगड आणून ‘शैवालाचं विरजण’ लावायचा सल्ला तर अनावश्यकही आहे आणि अंगाशी येणाराही. ब्लीच झालेल्या कोरलमध्ये सहसा थोडी शैवालं शिल्लक असतात, वाढ त्यांच्यातूनच होते. आणि सर्व कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, सी फॅन (पंख्यासारखी प्रवाळं) हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. दगडाला चिकटलेला छोटा तुकडाही त्यात येतो. टॉर्च, हॅमर या नावांनी ओळखली जाणारी कोरलंसुद्धा कठीणच प्रवाळं. दुबईतला मित्र ती ठेवतो म्हणून ती आपल्याकडे चालत नाहीत.

“नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा.” या पोषकांचं प्रमाण वाढलं की शेवाळ माजतं, हे खरं. त्यावरून शून्य सर्वोत्तम असं ठरवलं जातं. पण कोरलच्या आतलं शैवालही शेवटी शैवालच, त्यालाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. साउदॅम्प्टनच्याच गटाने 2013 मध्ये दाखवलं की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेटचा तुटवडा अशा पाण्यातली प्रवाळं उष्णतेला आणि प्रकाशाला जास्त लवकर बळी पडतात. फिकट कोरल आणि टेस्ट किटवर दोन्ही शून्य, असं चित्र दिसलं तर आधी फॉस्फेट शोषणारं माध्यम काढा आणि स्किमर (फेसातून पाण्यातला कचरा काढणारं यंत्र) थोडा हलका चालवा. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या आसपास असेल तर त्याला हात लावू नका.

“रोज भरपूर खायला द्या.” याला आधार आहे, आणि चांगला आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या हवाईतल्या अभ्यासात माँटिपोरा कॅपिटाटा या ब्लीच झालेल्या प्रवाळाने खाणं वाढवून शरीरातला साठा भरून काढला होता. पण त्याच अभ्यासातल्या पोराइट्स या दुसऱ्या प्रवाळाच्या दोन जातींना ते जमलं नाही. म्हणजे कोण खातं ते आधी बघायचं. मशरूम अन्नाचा तुकडा ओढून घेतं, लेदरवर ठेवलेला तुकडा तिथेच कुजतो आणि अमोनिया वाढवतो. आठवड्यातून दोनदा, बारीक, न खाल्लेलं लगेच उचलून.

आयोडीनबद्दल फार लिहायला नको. समुद्राच्या पाण्यात ते 0.06 पीपीएमच्या घरात असतं. मोजता येत नसेल तर टाकू नका. आणि सात दिवसांत परततो तो रंग नव्हे. रंगाला आठवडे, कधी महिने लागतात.

“दगड उकळून घ्या.” झोआ आणि त्याचा भाऊबंद पॅलिथोआ असलेला दगड कधीही उकळू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. ते उष्णतेने नष्ट होत नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं. 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमध्ये टँक साफ करताना हे विष पसरलं आणि घरच्यांबरोबर मदतीला धावून आलेल्यांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. असा दगड ब्रशने कोरडा घासू नका, गरम पाणी ओतू नका. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघडा, मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत ठेवा. दगड पाण्याखालीच धरून बादलीत न्या आणि एक भाग घरगुती ब्लीच, दहा भाग पाणी अशा ताज्या द्रावणात भिजवा. त्यानंतर ताप, थंडी, धाप किंवा तोंडात धातूसारखी चव जाणवली तर घरी वाट पाहू नका. दवाखान्यात गेल्यावर ‘ॲक्वेरियममधलं पॅलिटॉक्सिन’ हे शब्द स्वतःहून सांगा. नाहीतर साध्या तापाच्या गोळ्या देऊन परत पाठवतील.