बाक, गोणपाट आणि टॅब

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपली. विषय होता, शाळेत एआय कितवीपासून शिकवावं. पुण्याचा मामेभाऊ म्हणे पहिलीपासून. निवृत्त मुख्याध्यापक असलेले काका म्हणाले, आधी तीसपर्यंत पाढे येऊ देत. मग दोघांनी मोर्चा माझ्याकडे वळवला, "तू सांग, तुमच्या अमेरिकेत काय करतात?"

शिकागोजवळ राहून मला अठरा वर्षं झाली, दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत शिकली. तरी हा प्रश्न आला की मी चाचपडते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी उठवली, एवढं इथलं एकमत! पण विचारणाऱ्याच्या डोक्यातली अमेरिका पक्की असते. तिथं घोकंपट्टी नसते, मुलं हातांनी काहीतरी करत शिकतात.

ती अमेरिका तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांची. १८९६ साली त्यांनी शिकागो विद्यापीठात एक छोटी प्रयोगशाळा काढली, म्हणजे शाळाच. मुलं स्वयंपाक करत, विणत, रंधा मारत आणि त्यातूनच हिशेब, रसायनशास्त्र, इतिहासाकडे वळत. विचाराचा कस त्याच्या परिणामांत लागतो, असं मानणारा हा फलप्रामाण्यवाद. आपल्याकडे त्याचा अर्थ 'पॅकेज किती मिळेल' असा लावतात, ते सोडा. ड्यूईंनी सांगितलेला एक किस्सा मला त्यांच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा मोलाचा वाटतो. शाळेसाठी बाकं-टेबलं शोधत ते शहरभर दुकानं पालथी घालत होते. मनासारखं काही मिळेना. शेवटी एका दुकानदाराच्या लक्षात आलं. तो म्हणाला, तुम्हाला मुलांना काम करता येईल असं काहीतरी हवंय, आणि आमच्याकडचं हे सगळं ऐकण्यासाठी आहे.

ती शाळा शिकागोच्या हाइड पार्क भागात अजून आहे. खाजगी आहे, आणि फीचा आकडा ऐकून तुम्हीही माझ्यासारखे बाहेरूनच इमारत बघून परत याल. बाकीच्या अमेरिकेने ऐकलं ते मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांचं. ड्यूई पुढे शिकागो सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले; हेही तिथलेच, त्यांचे समकालीन. जे आहे ते मोजता येतं, अशी त्यांची श्रद्धा. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची झाली, ती याच वळणाची. तो कायदा गेला, परीक्षा राहिली. वसंत आला की आम्हाला शाळेचा मेल येतो, मुलांना लवकर झोपवा, सकाळी पोटभर खायला घाला. दहावीचं वर्षच जणू!

थॉर्नडाइक यांनी १९१२ मध्ये एका पुस्तकाची कल्पना मांडली होती. पहिल्या पानावर सांगितलेलं केल्याशिवाय दुसरं पान दिसणारच नाही, असं पुस्तक. माझ्या धाकट्याच्या लॅपटॉपवरचं गणिताचं ॲप हुबेहूब तेच. वर्गात पंचवीस मुलं, पंचवीस पडदे, प्रत्येकाचं पान वेगळं. त्याला विचारलं, शेजारच्याला तू कधी एखादं गणित समजावून सांगतोस का? म्हणाला, "आई, त्याचं गणित वेगळं असतं."

इथं मला बाबासाहेब आठवतात. १९१३ ते १९१६ ते कोलंबियात होते, ड्यूईंच्या वर्गात बसले. १९३६ च्या, लाहोरला देऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी ड्यूईंचा उल्लेख 'माझे शिक्षक' असा केला. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, ती एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांना सांगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचारही त्या भाषणात आहे. ड्यूईंना बाकं मिळाली नाहीत. साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला बाक सोडाच, इतर मुलांशेजारी जागाही नव्हती. कोपऱ्यात बसायला गोणपाट, तेही रोज घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. शिपायाने नळ सोडला नाही तर पाणी नाही. ड्यूईंचं ते वाक्य अमेरिकेतल्या किती विद्यार्थ्यांनी वाचलं असेल, पण ते अंगाला लागलं ते या एकाच्या. ॲपची आणि अस्पृश्यतेची तुलना मी करत नाही, ती करणं निलाजरेपणाचं होईल. एवढंच, की कोण कुणाशेजारी बसतं आणि काय बोलतं, हा प्रश्न एआयच्या वादात मामेभावानेही काढला नाही आणि काकांनीही.

माझी ताई सातारा जिल्ह्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन शिक्षक, तेवीस मुलं. कुणा देणगीदाराने दिलेल्या तीन टॅबपैकी एक चालू आहे. परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं, त्या एका टॅबभोवती आठ-नऊ पोरं कोंडाळं करून भांडत होती. गावातल्या विहिरींचा नकाशा काढत होती, आणि पाटलांची विहीर ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर दोन तट पडले होते. एक पोरगी तडक बघायलाच पळाली.

मी ताईला उत्साहाने ड्यूई सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं, तोवर एका हाताने पोर्टलवर कसलीतरी माहिती भरत होती.

"बरं," ती म्हणाली, "डिसेंबरात येशील तेव्हा तुझ्या पोरांचे जुने टॅब असतील तर घेऊन ये. आणि चार्जर विसरू नकोस, मागच्या वेळी विसरली होतीस."